ओव्हाळ आप्पांची तिसरी तार

माझी बायको हल्ली माहेरी गेली की कौतुकानं सांगते, "आमच्या ह्यांच्यात फार फरक पडलाय. आता एका हाकेत उठतात." सासूबाईंना वाटतं, जावई उशिरा का होईना सुधारला. मेव्हण्याला वाटतं, डॉक्टरनं शुगरची भीती घातली असणार. स्वयंपाकघरातून "अहो" असं ऐकू आलं की हातातला पेपर, मोबाईल, एकदा तर दाढीचा ब्रशसुद्धा टाकून मी उठतो हे खरं आहे. पण उठल्यावर आधी आत डोकावून बघतो, की हाक मारणारी आपलीच बायको आहे ना. एवढं ती माहेरी सांगत नाही, कारण एवढं तिला माहीत नाही.

ही सवय मला दौंडच्या ओव्हाळ आप्पांनी लावली. आप्पा आता नाहीत. त्यांचा लोखंडी रूळ मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि तो खण मी कुलूप लावून ठेवतो. बायकोला त्यानं आलं ठेचायचं आहे.

आप्पांपर्यंत मी पोचलो तो एका चुकीमुळे. मी शिरूरच्या एका शाळेत क्लार्क आहे. दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, स्वतःच्या मी फुकटात करतो. एकोणपन्नासाव्या वर्षी मला गिटार शिकायची हुक्की आली. मोबाईलवर एक स्वस्तातली दिसली, नावात 'लॅप' होतं. मी समजलो, लॅपटॉपला जोडता येणारी. खोकं आलं, उघडलं, तर आत हातभर लांबीची जाड लाकडी फळी, तिच्यावर बोटभर उंचीवरून गेलेल्या सहा तारा, आणि सोबत एक गोल लोखंडी कांडी.

बायको म्हणाली, "अहो, पाटा मागवलात?" आणि ती कांडी उचलून, "वरवंटा फारच लहान दिलाय पण."

मुलीनं मग शोधून सांगितलं, की ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची असते. बोटांनी तारा दाबायच्या नाहीत, वरून लोखंड सरकवायचं. जुन्या गाण्यांमध्ये मधेच कुणीतरी हुंदका दिल्यासारखा जो आवाज येतो ना पप्पा, तो हिचा. मी लगेच बाजारातून साध्या गिटारीच्या तारा आणल्या, मोबाईलवर बघून बघून पीळ दिला, आणि सगळ्यात जाड तार तुटून माझ्या मिशीला चाटून गेली. तेव्हा शाळेतले दौंडचे एक सर म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्याकडं रेल्वेतले एक रिटायर आप्पा आहेत. ते असलीच गिटार वाजवतात. म्हणजे वाजवत नाहीत, नुसतीच लावत बसतात. पण तारेतलं त्यांना कळतं."

एका रविवारी तो पाटा पाठीला बांधून मी स्कूटरवर न्हावऱ्यामार्गे दौंड गाठलं.

रुळांच्या कडेच्या वस्तीत आप्पांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खाट, खुर्ची, भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या एका बाईंचा फोटो. आत स्वयंपाकघर, मधे निळा पडदा. गाडी गेली की आतल्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. आप्पा सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, अंगात रेल्वेचाच जुना निळा शर्ट. उजवा कान गेलेला, डावाही हळूहळू निघालेला. त्यामुळे ते कुणाशीही बोलताना डावी बाजू पुढे करायचे. समोरच्याला वाटायचं, आप्पा रुसलेत.

माझी गिटार त्यांनी मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "कुनासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठीच. हौस म्हणून."

"तसं न्हवं. आवाज कुनाचा काढायचाय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. डावा कान लाकडाजवळ नेऊन त्यांनी एकेक तार छेडली, डॉक्टर छाती तपासतात तशी, आणि गिटार बाजूला ठेवली.

"ह्यात कुनीच न्हाई," ते म्हणाले.

दुपारी दोनची वेळ होती, बाहेर रणरणतं ऊन. तरी मी पाय खुर्चीच्या आत घेतले.

मग त्यांनी मला तारांचं शास्त्र सांगितलं, आणि ते अगदी सरळ होतं. तार आहे त्यापेक्षा चढवून लावायची असेल तर बारीक घ्यावी, नाहीतर तुटते. उतरवून लावायची असेल तर जाड घ्यावी, नाहीतर लोळते. "तुमी जाड तार चढवाया गेला. मिशीवर निभावलं, डोळा गेला असता." आणि लावणं म्हणजे काय, तर, "सहाच्या सहा एकदम छेडल्या तर एकाच घरातल्या वाटल्या पाहिजेत. मंग रूळ कुठंबी आडवा ठिवा, घरच्या घरात ऱ्हातंय." लोखंडाच्या कांडीला ते रूळ म्हणायचे. त्यांचा रूळ त्यांनी स्वतः केला होता, इंजिनाच्या शेडमधल्या मोडक्या बेअरिंगमधून काढून, घासून घासून. आरशासारखा लख्ख, आणि हातात घेतला की वाटायचं त्याच्या दुप्पट जड.

त्यानंतर दर रविवारी मी दौंडला जाऊ लागलो. बायकोला आधी संशय आला, मग तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि तिचा संशय गेला.

आप्पांची गिटार फार जुनी, विजेवरची, चालू असली की तिच्यावर एक लहान लाल बटण पेटायचं. रेल्वेच्या क्लबात, म्हणजे इन्स्टिट्यूटमध्ये, वाजवणारा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर गाव सोडून जाताना ती त्यांना देऊन गेला होता. तिच्या पाच तारा वर्षानुवर्षं त्याच. तिसरी तार मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी बदललेली. काढलेल्या तारा लिमलेटच्या गोळ्यांच्या एका डब्यात, एकेक वेटोळं करून, कागदात बांधून ठेवलेल्या. मला वाटलं, कागदावर तारेची जाडी लिहिली असेल. क्लार्कच्या जातीचा मी, त्यांचं लक्ष नसताना त्या पुड्या वाचून काढल्या. एकीवर लिहिलं होतं, 'सर्दी झाल्यावानी'. दुसरीवर, 'रागावलेली, पन ती न्हवं'. तिसरीवर, 'पुन्याची बाई'. एकीवर नुसतंच, 'हसली'.

ती पुडी मी बांधून परत ठेवली. बोटं जरा वेळ पँटला पुसत राहिलो.

दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आप्पा कधीही स्वयंपाकघराच्या पडद्याकडं पाठ करून बसत नसत. आणि चारला दहा कमी असले, की सांगत असलेली गोष्ट अर्धी सोडून गप्प व्हायचे. हात मांडीवर, नजर पडद्यावर, डावा कान पुढे. चार वाजून पाच-दहा मिनिटं झाली की सुस्कारा सोडून पुन्हा बोलायला लागायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला चहाची तलफ येते आणि मागायचा संकोच वाटतो. स्वतःच्याच घरात. मी आपला उठून म्हणालो, "आप्पा, चहा मी टाकू का?"

"न्हाई!" ते एवढ्या जोरात ओरडले, की मी परत बसलो तो खुर्चीच्या काठावर. "चार वाजू द्या. आत जाऊ नगा."

चार वाजले. काहीच झालं नाही. मग ते हलकेच म्हणाले, "आता टाका. साखर वरच्या फळीवर हाय."

फोटोतल्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, इंदूबाई. आप्पा त्यांचं नाव घेत नसत. 'आमच्या घरातनं' म्हणायचे, आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात तसं. 'आमच्या घरातनं लई कडक चहा व्हायचा. आमच्या घरातनं मला कवा एका हाकेत उठिवलं न्हाई.' पण ते 'घरातनं' म्हणताना पडद्याकडं बघायचे, त्यामुळं ऐकणाऱ्यालाही वाटायचं, की खरंच घरातून काहीतरी येणार आहे.

त्यांची गाठ कशी पडली, हे त्यांनी मला एका रविवारी सांगितलं. आप्पा तेव्हा सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार, होते. जुन्या सिग्नलला केबिनपासून तार असायची. केबिनमध्ये दांडा ओढला की मैलभर लांबचा सिग्नलचा हात खाली पडायचा. उन्हात तार वाढायची, थंडीत आकसायची. ती ताणून-सैल करून ठेवायचं काम आप्पांचं. ते तारेला कान लावून सांगायचे, की कुठल्या खांबाशी अडकली आहे. एका दुपारी केबिनवाला दांडा ओढून ओढून थकला, सिग्नल अर्ध्यातच लटकलेला. आप्पांनी तारेला कान लावला आणि म्हणाले, "कायतरी मऊ अडकलंय." मैलभर चालत गेले, तर एका गँगमनच्या मुलीनं धुणं वाळत घातलेलं सिग्नलच्या तारेवर, आणि लुगड्याचा काठ खांबावरच्या तारेच्या चाकात गुंतलेला. आप्पांनी खिशातून चाकू काढला.

"तवा मागनं हाक आली," आप्पा म्हणाले. "अवो! अवोऽ, माझ्या आयचं लुगडं हाय त्ये! मी वळलो. कुनाची कोन ती, मला अवो म्हनली. आपल्यात नवऱ्याशिवाय कुनाला बाई अवो म्हनती व्हय? मी तिथंच म्हनलं, आता ह्या बाईला दुसऱ्या कुनाला अवो म्हनू द्यायचं न्हाई."

"आणि लुगडं?"

"चाक खोलून काढलं. दोन गाड्या उभ्या ऱ्हाईल्या. सायबानं मेमो दिला." ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "लग्नात तेच लुगडं नेसली व्हती तिची आय."

मी डब्यातल्या पुड्यांचा अर्थ त्या दिवशी लावला. आप्पांना गाणं वाजवायचंच नव्हतं. त्यांना एकच शब्द वाजवायचा होता. 'अवो'.

आता आमच्याही घरात आई 'अवो' म्हणायची आणि बायको 'अहो' म्हणते, एका पिढीत एका अक्षराचा फरक. मी म्हणालो, "आप्पा, एवढा काय फरक असणार?" तर ते चिडलेच. त्यांनी गिटार घेतली, तिसऱ्या तारेवर रूळ ठेवला आणि खालून वर सरकवला. तार चक्क 'अहो' म्हणाली. नीटनेटकी, पदर सावरून बसलेली कुणी बाई.

"ऐकलं? ही पुन्याची झाली. साध्या तारेतनं 'हो'च निघतंय. मला 'वो' पाहिजे. 'वो'ला ओठ मिटाया लागत्यात. तारंला ओठ कुठनं आननार?"

मी म्हणालो, की असं कुणाचं काढता येत असेल यावर माझा विश्वास नाही. हे मी बोलायला नको होतं.

"तुमचं वडील तुमाला कशी हाक मारायचे?"

आमचं मूळ गाव इनामगाव, घोडनदीच्या काठावरचं. आजोबा मेंढरं राखायचे, आण्णांच्या वेळी शेती आली, पण नदीच्या पल्याडून हाक मारायचा धनगरी गळा तोच राहिला. आण्णांची हाक फक्त शिव्या खायला बोलवायची असायची. मी ती थोडीशी गुणगुणून दाखवली. "बाळ्याऽऽ... असं. 'बा' खाली, 'ळ्या' लांब वर."

आप्पांनी दुसरी तार थोडी उतरवली. कान लावला. आणखी केसभर उतरवली. मग रूळ खाली धरून एकदम वर नेला.

नदीच्या पल्याडून हाक आली. तीच. शेवटाला जरा फाटणारी, पाण्यावरून येताना थंड झालेली.

"आलो आण्णा!" मी म्हणालो. मोठ्यानं. शाळेचा क्लार्क, अर्ध्या टकलाचा, आण्णांना जाऊन अकरा वर्षं झालेली. आणि माझा डावा गाल गरम झाला, कारण आण्णा नेहमी उजव्या हातानं द्यायचे.

आप्पांनी ताबडतोब रूळ उचलला, खुंटी पिळून ती तार पार सैल सोडली. "झालं. ऐकलं की तार उतरवायची. ऱ्हाऊ दिली तर ऱ्हात्यात." मग म्हणाले, "तुमच्या इनामगावातच न्हाई का खनून काढलं? हजारो वर्सापूर्वीची लोकं. मेलेलं मानूस घरातच पुरायची, निजायच्या जागंखाली. मोठ्या मानसाचं पाय घोट्यापासनं तोडायची म्हनं. कुठं जाऊ नये म्हनून."

"तसा अंदाज आहे तज्ज्ञांचा," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण पातळ.

"बराबर केलं त्येंनी," आप्पा म्हणाले.

घरी येताना न्हावऱ्याला मी चहाला थांबलो आणि टपरीवाल्यानं "ओ दादा" अशी हाक मारली, तर माझ्या हातून ग्लास सुटला.

पुढे मी महिनाभर गेलो नाही. मग आप्पांचाच फोन आला. ते फोनवर फार ओरडून बोलायचे, त्यांना स्वतःचंही ऐकू येत नसल्यामुळं. "भाऊसाब, डावाबी चाललाय. डाक्टर म्हनतोय मशीन लावा. लावून बघितलं, समदी मानसं एकाच आवाजात बोलत्यात. माझ्याकडं टाइम कमी हाय."

मी गेलो. ते गिटार मांडीवर घेऊन इतके वाकून बसले होते, की हनुवटी लाकडावर टेकली होती. कानानं येत नव्हतं ते आता हाडातून घेत होते. आणि त्या दिवशी त्यांनी, मी न विचारता, सांगितलं.

इंदूबाई रोज चारला आतून चहाला हाक मारायच्या. तीनदा. पहिल्या हाकेला आप्पा तार लावत असायचे. दुसरीला म्हणायचे, 'हां'. तिसरीला उठायचे. चाळीस वर्षं हा नेम. "तिलाबी म्हाईत. पहिली हाक ती चहा टाकायच्या आदीच मारायची." सहा वर्षांपूर्वी एका दुपारी चारला आतून हाक आली, 'अवो'. आप्पा तिसरी तार लावत होते.

"एकच मारली," आप्पा म्हणाले. "मी दुसरीची वाट बघत बसलो."

बाहेरून मालगाडी गेली. भांडी किणकिणली, थांबली.

"लई येळ बसलो. तार लागली, तरी दुसरी येईना. मंग उठून गेलो. वट्याला टेकून बसली व्हती. डोळं उघडं. दारात मी दिसतो का बघत असंल." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला एकदा ती पहिली हाक पाहिजे, भाऊसाब. कान जायच्या आत. दुसरं काय नगं. मला पहिल्या हाकंला उठायचंय."

त्यांनी मला चिठ्ठी लिहून दिली. विजेच्या गिटारीच्या तारांचा संच, तिसरी तार जाड बघून आणणे. मोबाईलवर मी खास जाड तिसरीचा संच शोधला, मागवला, आणि पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत घेऊन गेलो.

तो मे महिना होता. आप्पा गेले, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. मातीला मी गेलो होतो, पण त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. माझ्यापुरते आप्पा त्या रविवारीच संपतात.

त्यांनी पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊसाब, हे काय आनलं? ही खोक्याच्या गिटारीची तार हाय, लाइटीच्या न्हवं! ह्या तिसरीवर पितळ गुंडाळलंय."

मी ओशाळलो. जाडी बघितली, जात बघितली नव्हती. "चालणार नाही का?"

"अवो, आपल्या गिटारीत तारंखाली लोहचुंबक हाय. त्येला लोखंड कळतंय. पितळ न्हाई कळत. आतली तार तेवढी बोलंल, वरचं पितळ दाबून धरंल. आवाज बारीक यील, लांबनं..."

ते थांबले.

"किती लांबून?" मी विचारलं.

ते पडद्याकडं बघत होते. "आतल्या खोलीतनं आल्यावानी."

त्यांनी ती तार चढवली. नखानं वरचं पितळ खरवडून बघितलं. पीळ दिला, हनुवटी टेकवली, सोडला, परत टेकवली. पाच तारा एका घरात आणि ही एकटी दाराशी उभी, असा अर्धा तास गेला. साडेतीन झाले. मग त्यांनी रूळ ठेवला, अगदी अलगद, आणि सरकवला.

"अवो."

मी गिटारीकडं बघितलंच नाही. माझी मान पडद्याकडं वळली होती. आतली भांडी किणकिणत होती, आणि रुळांवर गाडी नव्हती. 'व'ला ओठ मिटले होते. मी ऐकलं.

"आप्पा, आत कोण आहे?"

आप्पांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमाला आतनं आला? मला कमी येतंय, तुमी सांगा. खरं सांगा. आतनं आला?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाजवून बघितलं नाही. गिटार खाटेवर ठेवली. तिचं छोटं लाल बटण चालूच होतं. रूळ फडक्यात पुसला आणि माझ्या हातात दिला. "हे तुमी न्या."

"अहो पण, रुळाशिवाय तुम्ही वाजवणार कसं?"

"आता मी न्हाई वाजवनार. मीच हाक मारायची आन् मीच ओ द्यायची, ह्याला काय अर्थ हाय? तार लागली. माझं काम झालं. निघा तुमी. चार वाजतील."

मला थांबायला सांगितलं असतं तरी मी थांबलो नसतो. रूळ पँटच्या खिशात टाकून मी बाहेर पडलो, स्कूटरपाशी आलो, चावी लावली आणि लक्षात आलं, हेल्मेट आतच खुंटीला राहिलंय. शूर माणूस असतो तर गेलो असतो. मी खिडकीशी गेलो, तिथूनच मागावं म्हणून.

गल्लीत एक माणूस नव्हतं. उन्हात गाडीचे रूळ चमकत होते, दोन्ही बाजूंना रिकामे. खिडकीतून मला खाट दिसत होती, खाटेवर गिटार, तिचा लाल ठिपका. तिच्यापासून चार हात लांब आप्पा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर, डावा कान पडद्याकडं. त्यांच्या हातात काही नव्हतं. रूळ माझ्या खिशात होता, मी तो मुठीत घट्ट धरला होता. एवढ्या उन्हात तो बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. म्हणजे तो थरथरत होता की मी, हे खात्रीनं सांगता येणार नाही.

आणि हाक आली.

"अवो."

एकदाच. मोठी नाही, घाईची नाही. रोजची.

मला ती बाहेर ऐकू आली. आप्पांना, ज्यांना दारात उभं राहून ओरडलेलं कळत नसे, त्यांनाही आली. ते इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागं जाऊन भिंतीला धडकली.

"आलो," ते म्हणाले. "आलो गं, इंदू. हे बघ, आलोच."

आणि निळा पडदा बाजूला सारून ते आत गेले.

पडदा दोनदा हलला, मग सरळ झाला. मी हेल्मेटशिवाय तसाच उभा राहिलो, घड्याळात चार वाजून गेले, तरी उभा राहिलो. दुसरी हाक आली नाही.

आता तिची गरजही नव्हती.